वंशावळीतील एक नाव

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषींचे ठीक आहे. परंतु डहाणू-तलासरी भागातील आम्हां आदिवासी विद्यार्थ्यांना कूळ शोधल्यावाचून गत्यंतर नसते. राखीव जागेवर प्रवेश वा नोकरी हवी असेल तर जात पडताळणी समितीपुढे वंशावळ मांडावी लागते आणि ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पुरावा असेल तर त्याला विशेष वजन येते. कारण अनुसूचित जमातींची यादी त्या दिवशी जाहीर झाली. गेल्या वर्षी आमच्या घरी असा अर्ज भरावयाचा होता. वंशावळीत सर्वांत वर माझ्या पणजोबांचे नाव होते व त्यापुढे एकच शब्द होता : ‘मयत’. जन्म नाही, शाळा नाही, सही नाही. एवढ्या एका नावामागचा माणूस कसा शोधला, ते प्रस्तुत लेखात मांडीत आहे. माझ्याप्रमाणेच घरातून प्रथमच महाविद्यालयात आलेल्या मित्रमैत्रिणींना त्याचा उपयोग व्हावा, एवढाच हेतू.

पहिली अडचण नावाची. आमच्याकडे पुष्कळदा जन्मवारावरून नाव ठेवीत. सोमवारचा तो सोमा, मंगळवारचा मंगळ्या, बुधवारचा बुध्या. एका पाड्यात दोन-तीन सोमा सहज सापडतात. शिवाय लिहिणारा बाहेरचा. त्याच्या कानाला जसे ऐकू येई तसे तो लिही. वारली चित्रकला जगभर नेणारे, २०११ साली पद्मश्री मिळालेले गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांचेच उदाहरण पाहा. त्यांचे आडनाव कोठे ‘म्हसे’ तर कोठे ‘मशे’, वडिलांचे नाव कोठे ‘सोमा’ तर कोठे ‘सोम्या’ असे छापलेले आढळते. एवढ्या नामवंत माणसाची ही गत, तर माझ्या पणजोबांची कथा काय! म्हणून नुसते नाव पाहून भागत नाही. बापाचे नाव, पाडा आणि भावंडे जुळली तरच माणूस जुळतो.

दुसरी अडचण तारखेची. माझ्या आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. त्यांच्या वर्गातील कितीतरी मुलांची तीच आहे. ही तारीख आईने सांगितलेली नव्हे, शाळा जूनमध्ये भरे म्हणून गुरुजींनी घातलेली. पणजोबा तर शाळेची पायरीच चढले नव्हते.

तिसरी अडचण दप्तरांची. आपला पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्यापूर्वी आपण ठाणे जिल्ह्यात होतो. १९६० साली महाराष्ट्र व गुजरात वेगळे झाले तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. गाव जागच्या जागी राहते, पण त्याचे कागद फिरतात. म्हणून ज्या वर्षाची नोंद हवी, त्या वर्षी गाव कोणत्या तालुक्यात होते हे आधी पाहावे. फार जुन्या नोंदी मोडीत असल्या तर जाणकार गाठावा लागतो.

कागद मुके झाले तेव्हा मी आजोबांच्या थोरल्या बहिणीकडे गेलो. तिलाही आम्ही आजीच म्हणतो. कासा बाजारापासून पायी जाण्यासारख्या एका पाड्यात ती राहते. तिला सन सांगता येत नाहीत. ती काळ मोजते महालक्ष्मीच्या यात्रेने, दुष्काळाने, कोणाच्या लग्नाने. ती म्हणाली, “बापूस लग्नगडी होता. लाल बावटा आला तवा मी आईच्या कडेवर होते.”

या दोन वाक्यांत सन दडलेला होता. लग्नासाठी जमीनदाराकडून कर्ज घ्यावयाचे आणि ते फिटेपर्यंत, बहुधा जन्मभर, त्याच्याकडे राबावयाचे, ही लग्नगड्याची पद्धत. नवऱ्याबरोबर बायकोही त्यात बांधली जाई. शामराव व गोदावरी परुळेकर यांनी किसान सभेच्या लाल बावट्याखाली १९४५ साली या वेठीविरुद्ध वारल्यांना संघटित केले. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी येथे परिषद झाली. पुढे गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला आणि १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड व इतर चौघे मारले गेले. गोदावरीताईंचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले. ते वाचताना आजीचे बोल मला अधिक उलगडले.

आता हिशेब मांडता आला. १९४५ मध्ये मूल कडेवर, म्हणजे ते वर्षा-दोन वर्षांचे. लग्न त्याच्या आधीचे; म्हणजे पणजोबांचा जन्म १९२०च्या आगेमागे धरावयास हरकत नाही. हा अंदाज हाती घेऊन वडिलांसह मी गाव नमुना क्रमांक १४, म्हणजे ज्याला कोतवाल बुक म्हणतात ते जन्ममृत्यूचे रजिस्टर, पाहिले. पणजोबांचा जन्म तेथे नव्हता. परंतु १९४४ सालच्या पानावर त्यांच्या नावे एक ओळ होती : मुलगी झाली, जात वारली. ती मुलगी म्हणजे आजी. तिची आठवण आणि सरकारी कागद एकमेकांस येऊन मिळाले.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आम्ही लिहिलेल्या वंशावळीत आजीचे नाव नव्हते. बाप, मुलगा, नातू अशीच ती खाली उतरत होती. पणजीचेही नाव नव्हते, जरी कर्ज दोघांच्या लग्नाचे होते आणि दोघांनी मिळून राबून फेडले. ज्या लेकीला आम्ही चौकटीबाहेर ठेवले, तिच्याच जन्माच्या ओळीने सबंध कुळाला १९५० पूर्वीचा पुरावा दिला. आता आमच्या वंशावळीत दोघींची नावे आहेत.

शोध आणखी एक पायरी पुढे गेला. ‘कसेल त्याची जमीन’ हे तत्त्व कुळकायद्याने मान्य केले आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनापासून कुळांना कसत्या जमिनीचे मालक मानण्यात आले. त्यानंतरच्या एका फेरफारात पणजोबांचे नाव कूळ म्हणून आले आहे व त्याखाली त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे. जमीन थोडीच, तीही वरकस. पण १९४५ पूर्वी जो स्वतःच्या अंगाचाही धनी नव्हता, त्याच्या नावे पुढे जमिनीची नोंद झाली. ‘मयत’ या एका शब्दाआड हे सारे आयुष्य झाकले गेले होते.

यावरून मला असे वाटते की, आपल्यासारख्यांच्या घराण्याचा इतिहास ना केवळ कागदात आहे, ना केवळ आठवणीत. आठवण वर्ष दाखविते, कागद ते पक्के करतो. आठवणीवाचून कागदाचे कोणते पान उघडावे हे कळत नाही आणि कागदावाचून आठवण समितीपुढे उभी राहत नाही. म्हणून प्रत्येकाने घरातील सर्वांत वृद्ध माणसापाशी, विशेषतः आजी, आत्या व मावशी यांच्यापाशी, वही घेऊन बसावे. “तुझा जन्म कोणत्या साली?” असे विचारू नये, “तेव्हा काय घडले होते?” असे विचारावे. सर्व भावंडांची, लेकींसुद्धा, नावे लिहावीत. कागदांचे दप्तर बहुधा उद्याही उघडेल; माणसांचे मात्र एकदा मिटले की मिटले. आजीने वयाची ऐंशी वर्षे ओलांडली आहेत. तिच्या पाड्यातील तिच्या वयाच्या इतर चार जणींच्या आठवणी या सुट्टीत लिहून घेण्याचे मी ठरविले आहे. आपणही आपापल्या पाड्यात हे काम हाती घ्यावे, ही विनंती.