घरच्या आठवणी : ‘स्मृतिचित्रें’ या ग्रंथावरून एक पाठ

वाचावयाचा भाग : तीमथ्याला दुसरें पत्र, अध्याय १.

पौलानें आपल्या तरुण सहकाऱ्यास धीर देतांना त्याची आजी लोईस व आई युनीके यांची आठवण करून दिली. विश्वास हा घरांतूनही चालत येतो. परंतु ज्यांचें घर बाप्तिस्म्यामुळेंच दुभंगलें, त्यांनीं मागील पिढ्यांकडे कसें पाहावें? वर्धा जिल्ह्यांतील आपल्या मंडळ्यांस हा प्रश्न परका नाहीं. याचें उत्तर शोधण्यासाठीं आपण लक्ष्मीबाई टिळक यांचा ग्रंथ घेऊं.

१. ग्रंथ कसा झाला. कवि रे. नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजीं वारले. त्यांचें चरित्र लिहावें या हेतूनें पुत्र देवदत्त यांनीं आईकडे आठवणी मागितल्या. लक्ष्मीबाई शाळेंत शिकल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. तरी त्यांच्या आठवणींचा एक स्वतंत्र ग्रंथच झाला. तो १९३४ ते १९३६ या काळांत चार भागांनीं प्रसिद्ध झाला. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं निवर्तल्या. पुढें नातू अशोक यांनीं टीपांसह त्याची आवृत्ति काढिली. आईचें धन अशा रीतीनें तीन पिढ्यांनीं जपलें.

२. माहेरचा मान. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचें सोवळें इतकें कडक, कीं बाजारांतून आलेला जिन्नस धुतल्यावांचून घरांत येत नसे. त्या पायीं सर्व घरास जाच झाला. लक्ष्मीबाई हें लपवीत नाहींत; पण वडिलांचा द्वेषही करीत नाहींत. त्या हंसतात, आणि त्या हंसण्यांत माया असते.

३. ताटातूट. १० फेब्रुवारी १८९५ रोजीं टिळकांनीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला. पत्नीस हा आघात दुःसह झाला. सुमारें साडेचार वर्षें दोघें वेगळीं राहिलीं. पुढें लक्ष्मीबाई पतीजवळ आल्या, तरी त्यांनीं आपलें सोवळें लगेच सोडिलें नाहीं. मन वळलें तेव्हां, १९०० सालीं, त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पतीचा तापटपणा आणि पैसा हातीं न ठरण्याची संवय त्यांनीं मोकळेपणें लिहिली आहे. तेवढ्यानें टिळकांची थोरवी उणावत नाहीं. उलट वाचकास ते आपल्यांतलेच वाटतात.

बाबा पदमनजी यांचें ‘अरुणोदय’ हें आत्मचरित्र याच्याबरोबर ठेवून पाहावें. तेथें एका तरुणाच्या मनाचा शोध मुख्य आहे. येथें चूल, पाणी, मुलें व नातलग मुख्य आहेत. दोन्ही प्रकारची साक्ष आपणांस हवी.

४. आपल्या जिल्ह्यांतील दाखला. विनोबा भावे यांच्या आईस संस्कृत गीता समजत नसे. मराठींत तूंच कर, असें तिनें मुलास सुचविलें. ती १९१८ सालीं वारली. विनोबांनीं १९३०-३१ सालीं वर्धा येथें ‘गीताई’ लिहिली. त्यांचा मार्ग निराळा. पण आईचा शब्द मुलानें बारा वर्षें जपला, हें आपण घेण्याजोगें आहे.

५. काय करावें. बाप्तिस्म्याची तारीख मंडळीच्या वहींत सांपडते. त्या दिवशीं घरांत कोण रडलें, कोणीं दार लावून घेतलें, आणि कोणीं रात्रीं गुपचूप भाकर आणून दिली, हें त्या वहींत नसतें. तें म्हाताऱ्यांच्या मुखीं असतें व त्यांच्याबरोबर जातें. म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे, कीं प्रत्येक घरासाठीं चार पानें राखावीं. आजी-पणजीचें नांव, मूळ गांव, पहिलें अक्षर कोणीं शिकविलें, आणि जे नातलग ख्रिस्ती झाले नाहींत तेही, सर्व लिहावें. मृतांस देव करूं नये व दैत्यही करूं नये. जिवंत मनुष्याची लाज उघडी पडेल असें मात्र त्याच्या संमतीवांचून लिहूं नये.

विचारासाठीं प्रश्न :
(१) लक्ष्मीबाईंच्या साडेचार वर्षांपासून उतावीळ उपदेशकानें काय शिकावें?
(२) आपल्या पणजीचें नांव आपणांस ठाऊक आहे काय? नसल्यास कोणास विचारावें?
(३) ज्या नातलगानें आपणांस दूर केलें, त्याचा कोणता उपकार आपणांस आठवतो?