थोडं थांब, पण विकत घे

अगं छोटी, तू विचारलंस म्हणून स्पष्ट सांगते. तो क्रॅक केलेला गेम लॅपटॉपवर टाकू नकोस. पण तुला मोह झाला म्हणून तू वाईट मुलगी ठरत नाहीस, हेही लगेच सांगून टाकते. चार-पाच हजारांचा गेम आणि तुझा महिन्याचा पॉकेटमनी यांचा मेळ बसत नाही, हे मला दिसतं. "गेमवर कसले पैसे घालवून राहिलीस?" हे घरचं वाक्य मीही ऐकलेलं आहे. तुझी आवड खरी आहे आणि अडचणही खरी आहे.

नागपुरात गेम खेळणाऱ्यांचं हे दुखणं जुनं. नव्वदच्या दशकात घरोघरी जे टीव्ही गेम आले, ते बहुतेक निन्टेन्डोच्या यंत्राच्या नकला होत्या. कॅसेटवर '9999 इन 1' असं ठळक छापलेलं आणि आत तेच मोजके गेम नावं बदलून पुन्हा पुन्हा. मग कॉम्प्युटर आले आणि बर्डीच्या गल्ल्यांमध्ये सीडी मिळू लागल्या. पातळ प्लास्टिकचं पाकीट, आत प्रिंटरवर काढलेलं फिकट कव्हर, सीडीवर मार्करने लिहिलेलं गेमचं नाव, तेही बरेचदा चुकीच्या स्पेलिंगचं. सीडी उघडली की 'क्रॅक' नावाचं एक फोल्डर. त्यातली फाइल कुठे चिकटवायची, हे वर्गातल्या निम्म्या पोरांना पाठ असायचं. विकणारा लपवत नव्हता, घेणारा लाजत नव्हता. खोक्यातला असली गेम मागितला, तर "मुंबईहून मागवावा लागेल" हे उत्तर ठरलेलं.

यात कंपन्यांचा दोष मोठा होता, आणि तो मी झाकणार नाही. एक्सबॉक्स वन हा कन्सोल बाहेरच्या देशांत नोव्हेंबर 2013 मध्ये आला, आपल्याकडे सप्टेंबर 2014 मध्ये. फॉलआउट 3 तर मायक्रोसॉफ्टने 2008 मध्ये सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन एक्सबॉक्ससाठी भारतात आणलाच नाही. प्लेस्टेशन 5 नोव्हेंबर 2020 मध्ये जगभर पोचला. आपल्याला तो 2 फेब्रुवारी 2021 ला दिसला, 49,990 रुपयांना, आणि प्री-ऑर्डर काही मिनिटांत संपल्या. नोव्हेंबर 2015 पर्यंत स्टीम या पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानातही भारतासाठी किमती डॉलरमध्येच होत्या. इंजिनिअरिंगच्या पोराकडे परदेशी व्यवहार चालणारं कार्ड कुठून येणार? खिशात पैसे असले, तरी ते द्यायचे कसे हा प्रश्न होता.

आता मात्र स्टीमवर रुपयांत किंमत दिसते आणि यूपीआयने पैसे देता येतात. म्हणून त्या काळच्या पोरांना मी जी सूट देते, ती तुला देणार नाही.

सूट न देण्यामागे कायदा आहेच. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63-ब नुसार सॉफ्टवेअरची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे, त्याला कैद आणि दंड आहे. पण माझी खरी काळजी तुझ्या लॅपटॉपची आहे. त्यात तुझी प्रॅक्टिकलची फाइल आहे, बाबांचं नेटबँकिंग आहे. क्रॅकसोबत एक सूचना हमखास असते, 'आधी अँटिव्हायरस बंद करा.' म्हणजे पोलीस चौकी बंद करून मग दार उघडं ठेवायचं. 2021 मध्ये अवास्ट या कंपनीने क्रॅकोनोश नावाचा व्हायरस शोधून काढला. जीटीए 5, एनबीए 2के19 अशा नावाजलेल्या गेमच्या क्रॅक प्रतींमधून तो पसरत होता. तो कॉम्प्युटर सेफ मोडमध्ये सुरू करायचा, अँटिव्हायरस काढून टाकायचा, विंडोजचे अपडेट बंद पाडायचा आणि मग तुमच्या मशीनवर, तुमच्या विजेवर दुसऱ्या कोणासाठी तरी क्रिप्टोचलन कमवत बसायचा. जगभरात 2 लाख 22 हजारांहून अधिक मशीन त्याच्या तावडीत सापडली होती, त्यांत भारतातली तेरा हजारांच्या वर. लॅपटॉप उगाच तापतोय, पंखा घरघरतोय, असंच त्या लोकांना वाटलं असणार.

आणि आणखी एक कारण आहे, मला सगळ्यात जवळचं. 'राजी' हा गेम पुण्यात तयार झाला, नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओत. गावोगाव खेळ करणारी एक मुलगी राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघते. भिंतींवरची चित्रं, किल्ले, कमळांची तळी, सगळं आपलं. या मंडळींनी 2017 मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, ते जमलं नाही. मग संस्थापकांपैकी श्रुती घोष यांनी आपला फ्लॅट विकला आणि काम चालू ठेवलं. ऑगस्ट 2020 मध्ये गेम आला, त्याच वर्षी द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम गेमसाठी त्याला नामांकन मिळालं. पण आला कुठे, तर आधी निन्टेन्डो स्विचवर, जो अधिकृतपणे भारतात विकायलाच आलेला नव्हता! पुण्यातला गेम, आणि पुण्या-नागपुरातल्या पोरांना पीसीवर मिळायला ऑक्टोबर उजाडला. मला याचं फार वाईट वाटलं होतं. असा गेम कोणी फुकटात उतरवून घेतो, तेव्हा तो विकलेल्या फ्लॅटचा हप्ता चुकवतो, असं मी मानते.

स्विचचा विषय निघालाच आहे. तुला तो हवा आहे, माहीत आहे मला. दुकानात मिळतो तो बाहेरून आणलेला माल असतो. भारतातली वॉरंटी नसते, कधी चार्जरची पिनसुद्धा आपल्या सॉकेटला बसत नाही, आणि निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानात भारताचा पत्ताच नाही. खातं दुसऱ्या देशाचं काढा, त्या देशाची गिफ्ट कार्डं शोधा, असा खटाटोप. पहिल्या कमाईनंतर हौसेने घे. आत्ता नको.

आत्ता काय करायचं, ते ऐक. स्टीमवर हवे ते गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेव. जूनच्या शेवटी आणि डिसेंबरच्या शेवटी मोठे सेल लागतात, जुने गेम निम्म्याहून कमी किमतीत येतात. घेतलेला गेम आवडला नाही, लॅपटॉपला झेपला नाही, तर चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात. हे अनेकांना माहीतच नाही. 'आधी क्रॅक टाकून बघतो, आवडला तर घेतो' म्हणणाऱ्या तुझ्या मित्रालाही सांग. एपिकच्या दुकानात 2018 पासून नियमाने फुकट गेम देतात, मे 2020 मध्ये जीटीए 5 सुद्धा दिला होता. फक्त मुदतीत आपल्या खात्यावर घ्यायचा असतो, मग तो तुझाच. अनोळखी वेबसाइटवरच्या स्वस्त 'की' मात्र घेऊ नकोस. चोरलेल्या कार्डावर घेतलेली निघाली तर रद्द होते आणि दाद मागायला जागा नसते.

पुढे कधी प्लेस्टेशन घ्यायचं ठरलं, तर डिस्क बसणारंच घे. डिजिटलवालं हजारोंनी स्वस्त दिसतं, पण नुसत्या त्या यंत्रावर सेकंड-हँड डिस्क चालत नाही. नवा गेम पाच हजारांचा, तोच काही महिन्यांनी कोणाकडून तरी बराच कमी पैशांत मिळतो, आणि खेळून झाला की तूही विकू शकतेस. यात बेकायदा काही नाही. फक्त डिस्क कुठल्या देशातली आहे ते बघून घे, नाहीतर नंतर विकत घेतलेला जादाचा भाग तिच्यावर चालत नाही.

दुकानात "भावासाठी घेऊन राहिली का?" असं कोणी विचारलं, तर सरळ सांग, "नाही, माझ्यासाठी." आवड लपवायची गरज नाही.

आणि सगळे गेम खेळलेच पाहिजेत, असा हट्ट सोड. यूट्यूबवर रोज नवा गेम दिसतो म्हणून तो त्याच आठवड्यात हवा असं वाटतं. वर्षाला तीन-चार गेम घे, पण मन लावून, शेवटापर्यंत खेळ. दोन वर्षांनी घेतलेला गेम शिळा होत नाही, उलट त्याचे दोष दुरुस्त झालेले असतात आणि किंमत उतरलेली असते.

या भाऊबीजेला दादाकडे ड्रेस मागू नकोस, स्टीम वॉलेटमध्ये पैसे भरून माग. आणि पहिली खरेदी 'राजी'ची कर.