वनस्पतिजन्य कीटकनाशके व गोड्या पाण्यातील मत्स्य : अगदतंत्राच्या दृष्टीतून

सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानातील तिसऱ्या अध्यायात विषदूषित जलाच्या लक्षणांमध्ये पाणी बुळबुळीत व फेसाळ होणे आणि त्यातील मासे, बेडूक मरणे यांचा उल्लेख आहे. मत्स्यमृत्यू हे जलदुष्टीचे लक्षण आचार्यांनी असे नोंदविले आहे.

आमच्या मंठा परिसरात कापूस व सोयाबीन ही प्रमुख पिके. त्यांवर निंबोळी अर्क व दशपर्णी अर्क वापरणे स्वागतार्ह आहे. परंतु ‘झाडपाल्याचे औषध, त्याने अपाय कसला?’ हा चिकित्सालयात नित्य ऐकू येणारा समज येथेही तपासावा लागतो. दशपर्णीत कडुनिंबासोबत कण्हेर व रुईही पडते. या दोहोंची गणना आपण उपविषांत करतो.

मत्स्यांवरील विषक्रिया द्रव्यपरत्वे भिन्न आहे :

१. सॅपोनिन : मदनफळ (गेळ), हिंगणबेट व मोहाची पेंड यांत आढळते. याने कल्ल्यांच्या नाजूक आवरणास इजा होते व रक्तकण फुटतात. मत्स्यतळ्यातील नको असलेले मासे काढण्यासाठी मोहाची पेंड दर लिटर पाण्यास 200 ते 250 मिलिग्रॅम या प्रमाणात वापरतात, ती याच गुणामुळे.

२. रोटेनोन : डेरिस वनस्पतीच्या मुळांतील हे द्रव्य पेशींचे श्वसनच रोखते.

३. पायरेथ्रिन : हे नाड्यांवर कार्य करते. मनुष्यास तुलनेने सौम्य, परंतु मत्स्यास अतितीव्र.

४. अझाडिरॅक्टिन : कडुनिंबातील हे द्रव्य वरील द्रव्यांपेक्षा सौम्य असून सूर्यप्रकाशात लवकर विघटित होते. तथापि सौम्य म्हणजे निर्विष नव्हे. तीव्र मात्रेत निंबार्काने कल्ले व यकृत यांस विकृती होते.

ज्या मात्रेने 96 तासांत निम्मे मासे मरतात, ती प्रयोगशाळेत विषतीव्रतेचे माप मानतात. मात्र त्याहून अल्प मात्रेनेही श्वसन, वाढ व प्रजनन बिघडू शकते. पावसाने ओढ दिल्यावर ओढ्याचे डोह आटतात. तेव्हा तेवढेच द्रव्य कमी पाण्यात अधिक तीव्र ठरते.

म्हणून शेतकरी रुग्णांस आपण सांगावे : फवारणीचा पंप ओढ्यात वा विहिरीवर धुऊ नये, उरलेला अर्क पाण्यात ओतू नये, पावसाची चिन्हे असता फवारणी टाळावी, पाण्यालगतचा पट्टा मोकळा सोडावा, मेलेले तरंगते मासे खाऊ नयेत.

युक्तीने योजिलेले विषही औषध होते व अयुक्तीने औषधही विष ठरते, हा चरकाचार्यांचा सिद्धांत आहे. रुग्णासाठी मात्रा ठरविणाऱ्या वैद्याने तो गावच्या पाण्यासही लावावा, असे आम्हांस वाटते.