विम्याच्या कार्डावर घरच्यांची नावे

आपल्या वाटूर फाट्यावरून एसटी धरून काही मंडळी जालन्याला कामाला जातात. कोणी सळयांच्या कारखान्यात आहे, कोणी बियाण्यांच्या कंपनीत. महिन्याला पगाराची चिठ्ठी हाती येते. आता आपल्याला अक्षरे लागली आहेत. म्हणून आज आम्ही त्या चिठ्ठीतली एकच ओळ समजावून सांगतो. ती ओळ ईएसआयची.

ईएसआय म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजना. तिचा कायदा १९४८ साली झाला. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ती लागू होते. ठेकेदाराकडचा कामगारही तीत येतो. जुलै २०१९ पासून कामगाराचे शंभराला ७५ पैसे कापतात. मालक पदरचे सव्वातीन रुपये घालतो. बारा हजार पगार असेल तर आपले ९० रुपये, मालकाचे ३९०.

याच्या बदल्यात दवाखाना मिळतो. तो एकट्या कामगाराला नव्हे. बायको, मुले आणि आपल्यावर अवलंबून असलेले आईबाप यांनाही मिळतो. पण त्यांची नावे चढलेली हवीत.

समजा, एक गडी लग्नाआधी कामाला लागला. कार्डावर त्याचे एकट्याचे नाव. पुढे लग्न झाले. बायकोचे दिवस भरले. दवाखान्यात कार्ड दाखवले, तर तिचे नावच नाही! दरमहा पैसे कापले गेले आणि ऐन वेळी सावकाराचे दार धरावे लागले. असे होऊ नये म्हणून तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली गोष्ट. लग्न झाले, मूल झाले किंवा घरचे माणूस वारले, की पंधरा दिवसांच्या आत कारखान्याच्या ऑफिसात लेखी कळवा. वर्ष संपायची वाट पाहू नका. दाखला आणि आधार कार्ड सोबत न्या.

दुसरी गोष्ट. २०१७ साली या योजनेसाठी पगाराची हद्द महिना २१,००० रुपये ठरली. सरकार ती वेळोवेळी बदलते. पगार हद्दीबाहेर गेला तरी विमा त्याच दिवशी तुटत नाही. वर्षाचे दोन भाग आहेत. एक एप्रिल ते सप्टेंबर, दुसरा ऑक्टोबर ते मार्च. जुलैत पगार वाढला तर ३० सप्टेंबरपर्यंत वर्गणी कापतात आणि विमाही चालतो.

तिसरी गोष्ट. कारखाना बदलला तरी विम्याचा नंबर तोच राहतो. नव्या ठिकाणी जुना नंबर सांगा.

काही कंपन्या मोठ्या पगाराच्या नोकरांसाठी खासगी गट विमा काढतात. तिथली रीत निराळी. नावे बहुधा वर्षातून एकदाच लिहून घेतात. मध्येच नाव घालायचे तर लग्न किंवा बाळंतपण असे कारण लागते, आणि मुदतही थोडी असते. अमेरिकेतही अशीच रीत आहे. म्हणून मुदत आधीच विचारून ठेवावी.

आज रात्री कार्ड काढा. एकेक नाव बोट ठेवून मोठ्याने वाचा. घरात किती माणसे, कार्डावर किती, हे मोजा. एक जरी कमी भरले, तर उद्याच अर्ज लिहा. खाली अंगठा नको, आपली सही करा.

प्रश्न : १. ईएसआय म्हणजे काय? २. मूल झाल्यावर किती दिवसांत कळवावे? ३. तुमच्या कार्डावर कोणाकोणाची नावे आहेत? पाटीवर लिहा.