पनवेल : घाट आणि खाडी यांमधले गाव



आपण घाटावरची मंडळी मुंबईला निघालो की बोरघाट उतरून, खोपोली मागे टाकून पनवेलला पोचतो. एस.टी. थांबते, आपण चहा घेतो आणि पुढे जातो. पण राजधानीच्या दारातले हे गाव शेतकऱ्याने नीट समजून घ्यावे असे आहे.

प्रथम भूगोल पाहू. पनवेल रायगड जिल्ह्यात येते (१९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते). पूर्वेला माथेरान व प्रबळगडाचे डोंगर, दक्षिणेला कर्नाळा किल्ला, पश्चिमेला खाडी. माथेरानच्या डोंगरात उगम पावणारी गाढी नदी पनवेलच्या खाडीला मिळते. सपाटीला भात आणि खाडीकाठी मिठागरे, ही इथली जुनी मिळकत. बांध घालून भरतीचे पाणी अडवायचे आणि खाऱ्या जमिनीतही भात पिकवायचा, ही या आगरी मुलखाची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत.

आता इतिहास. रेल्वे नव्हती तेव्हा मुंबईचा प्रवासी होडीने पनवेल बंदरात उतरे आणि तेथून बोरघाट चढून पुण्याला जाई. १८३० मध्ये घाटात गाडीरस्ता झाला आणि बंदराला बरकत आली. १८५२ मध्ये येथे नगरपालिका स्थापन झाली. राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांत तिची गणना होते. गाड्या व चाके बनवणे हा तेव्हा गावचा मुख्य धंदा होता. घाटावरचा शेतकरी इथून चाकांची जोडी घेऊन जातो, कारण ती स्वस्त आणि भक्कम असतात, अशी नोंद जुन्या सरकारी गॅझेटिअरात आहे. म्हणजे आपल्या आज्या-पणज्यांच्या बैलगाडीचे नाते या गावाशी होते!

पण १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली ती कल्याण-कर्जत मार्गे. पनवेल बाजूला पडले. प्रवासी गेले, बंदराची वर्दळ ओसरली. जवळच्याच शिरढोण गावी १८४५ मध्ये वासुदेव बळवंत फडके जन्मले. दुष्काळात रयतेचे हाल पाहून त्यांनी १८७९ मध्ये इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले.

पुढे शंभर वर्षांनी रस्ता पुन्हा पनवेलकडे वळला. मुंबईत माणूस मावेना, म्हणून खाडीपलीकडे नवी मुंबई वसवायचे ठरले. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात आल्या. बांध गेले, शेते गेली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच, घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याची योजना आली.

त्यानंतर कामांची रीघच लागली. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर, १९९८ मध्ये लोकलगाडी, २००२ मध्ये द्रुतगती महामार्ग, २०१६ मध्ये महानगरपालिका, २०२४ मध्ये अटल सेतू आणि २०२५ मध्ये विमानतळ. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. पाण्याची वाट मात्र जपून बदलावी लागते. २६ जुलै २००५ च्या पुरात पनवेलने काय सोसले ते लोक विसरलेले नाहीत.

यातून आपण काय घ्यायचे? रस्ता येतो तसा जातोही. १८६३ मध्ये पनवेलने ते पाहिले. जमीन मात्र एकदा गेली की परत येत नाही. नुसते पैसे घेतले तर ते लग्नकार्यात आणि मोटारसायकलीत संपतात. जमिनीत वाटा राहिला तर पुढची पिढी उभी राहते. आपल्याही भागात महामार्ग, वसाहती येत आहेत. उद्या संपादनाची नोटीस आली तर एकट्याने अंगठा उठवू नका. सात-बारा तपासा, गावाने एकत्र बसा, जाणत्याचा सल्ला घ्या. ऊस एकत्र आणला म्हणून आपला कारखाना उभा राहिला. जमिनीच्या बाबतीतही तीच रीत ठेवावी.