घरचा संगणक : पहारा कोणाचा, किल्ली कोणाची?

इंदूर जिल्ह्यातील देपालपूर तालुक्यात गौतमपुरा नावाचे गाव आहे. थोरल्या मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांचे नाव त्या गावास मिळालेले आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी तेथे 'हिंगोट युद्ध' होते. गौतमपुऱ्याचा 'तुर्रा' आणि शेजारच्या रुणजी गावाची 'कलंगी' असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहतात व हिंगोटाच्या वाळलेल्या, पोकळ फळात दारू भरून ती पेटवून एकमेकांवर फेकतात. लढणाऱ्याच्या एका हाती ढाल असते. तरीही दरवर्षी माणसे भाजतात. ढाल समोरचा वार अडविते. बाजूने आलेला वार ज्याचा त्यालाच चुकवावा लागतो.

माझे मामा याच गावी राहतात. गेल्या दिवाळीत त्यांच्या घरी नवा संगणक आला. मामी बायकांच्या बचत गटाचा हिशेब ठेवतात आणि मामेबहीण महाविद्यालयात शिकते. "विषाणूपासून बचावाला काय घ्यावे आणि निरोपांसाठी काय घ्यावे, एवढे नीट सांग," असे मामांनी मला विचारले. अनेक विद्यार्थ्यांच्या घरी हाच प्रश्न पडत असेल, म्हणून त्यांना दिलेले उत्तर येथे विस्ताराने मांडीत आहे.

विषाणू व त्याचा पहारेकरी

संगणकाचा विषाणू हा माणसाने लिहिलेला एक कार्यक्रमच असतो. १९८६ साली लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला 'ब्रेन' हा आयबीएम पद्धतीच्या घरगुती संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू मानतात. तो फ्लॉपीवरून पसरत असे. पुढे आपल्याकडेही हा उपद्रव वाढला, तेव्हा पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केलेले कैलास काटकर आणि त्यांचे बंधू संजय यांनी विषाणूनाशक कार्यक्रम तयार केला. तोच 'क्विक हील' होय. २००७ साली कंपनीनेही हेच नाव घेतले व २०१६ साली तिचे शेअर बाजारात आले.

असा पहारेकरी दोन रीतींनी काम करतो. पहिली रीत ओळखखुणांची. माहीत असलेल्या विषाणूंच्या खुणांची यादी त्याच्याजवळ असते व प्रत्येक फाईल तो तिच्याशी ताडून पाहतो. दुसरी रीत वर्तनाची. एखादा कार्यक्रम अचानक शेकडो फाईली बदलू लागला, तर तो अनोळखी असला तरी त्यास थांबविले जाते. पहिल्या रीतीसाठी यादी ताजी लागते. म्हणून मुदत संपलेला पहारेकरी संगणकावर तसाच ठेवणे म्हणजे दारावर झोपलेला गुरखा ठेवण्यासारखे आहे.

निवड कशी करावी?

विंडोज १० व ११ यांमध्ये 'मायक्रोसॉफ्ट डिफेंडर' हा पहारेकरी मुळातच असतो. साध्या घरगुती वापरास तो पुरेसा आहे. नव्या संगणकात बहुधा दुसऱ्या एखाद्या कंपनीचा कार्यक्रम काही दिवसांसाठी फुकट घालून दिलेला असतो व नंतर तो पैसे मागतो. तो आवडल्यास विकत घ्यावा, नाहीतर पूर्णपणे काढून टाकावा, म्हणजे डिफेंडर पुन्हा काम हाती घेतो. दोन पहारेकरी एकाच वेळी कामाला लावू नयेत. ते एकमेकांसच चोर समजतात आणि संगणक मंद होतो.

विकतचा घेताना तीन गोष्टी पाहाव्यात : तो कोणी केला आहे, तो कोठून उतरवून घ्यावयाचा आहे, आणि दुसऱ्या वर्षी किती पैसे पडतील. तो कंपनीच्या स्वतःच्या ठिकाणाहूनच घ्यावा. 'कुलूप तोडलेली' फुकट प्रत कोणी देऊ केली, तरी घेऊ नये. अशा प्रतीतूनच विषाणू घरात येतात.

विश्वासू नाव पाहण्याचे आणखी एक कारण आहे. संगणक तपासता यावा म्हणून पहारेकऱ्यास जवळजवळ मालकाइतके अधिकार द्यावे लागतात. १९ जुलै २०२४ रोजी 'क्राउडस्ट्राइक' या नामांकित कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळे जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्यात चोर कोणीच नव्हता. चूक पहारेकऱ्याची होती.

पहारेकऱ्याइतकेच महत्त्व संगणकाच्या मूळ प्रणालीच्या सुधारणांना आहे. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवरील फाईली कुलूपबंद केल्या. ज्या फटीतून तो शिरला, ती बुजविणारी सुधारणा दोन महिने आधी, मार्चमध्येच निघाली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती, ते सापडले. विंडोज १० साठीचा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हा संगणक नवा घेताना त्यावर विंडोज ११ आहे ना, हे पाहून घ्यावे.

निरोपाचे साधन

निरोपाचे साधन निवडताना एकच मुख्य प्रश्न विचारावा : निरोपाची किल्ली कोणाजवळ आहे? 'सिग्नल' व 'व्हॉट्सॲप' यांत निरोप पाठविणाऱ्याच्या यंत्रावर कुलूपबंद होतो व घेणाऱ्याच्या यंत्रावरच उघडतो. वाटेत कंपनीलाही तो वाचता येत नाही. व्हॉट्सॲपने ही सोय २०१६ साली सर्वांसाठी पूर्ण केली. 'टेलिग्राम'मध्ये मात्र सर्वसाधारण संभाषणे अशी बंद नसतात. त्यासाठी 'गुप्त संभाषण' वेगळे सुरू करावे लागते. मजकूर बंद असला तरी कोण कोणाशी केव्हा बोलले याची नोंद उरू शकते. सिग्नल ही नोंद फार थोडी ठेवते आणि ती नफ्यासाठी चालविलेली नाही. तथापि ज्या साधनावर आपली माणसेच नाहीत, ते कितीही उत्तम असले तरी उपयोगाचे नाही. मामींच्या गटातील सर्वजणी व्हॉट्सॲपवर आहेत, म्हणून तेच ठेवले.

येथे दोन्ही निवडी एकत्र येतात. कुलूप वाटेपुरते असते; पडद्यावर निरोप उघडाच असतो. संगणकात चोर शिरला असेल तर तो आपल्या खांद्यावरून सर्व वाचतो. शिवाय निरोपातून आलेली फाईलही कुलूपबंदच येते. ती चांगली की वाईट, हे कुलूप सांगत नाही. २०२५ साली ब्राझीलमध्ये व्हॉट्सॲपवरून आलेल्या झिप फाईली लोकांनी विंडोज संगणकावर उघडल्या, तेव्हा तो विषाणू त्यांच्याच नावाने त्यांच्या ओळखीच्यांकडे पुढे गेला. ओळखीच्याने पाठविली एवढ्यावर फाईल उघडू नये. आधी फोन करून विचारावे.

जेथे ढाल पुरत नाही

हे सर्व करून महिना झाला असेल. एके दुपारी मामींच्या पडद्यावर मोठे लाल पान आले : 'तुमच्या संगणकात विषाणू आहे, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा.' मामी घाबरल्या. गटाचा हिशेब त्यात होता. त्यांनी फोन केला. पलीकडच्या गोड आवाजाने एक कार्यक्रम उतरवून घेण्यास सांगितले आणि संगणक दुरून चालविण्याची परवानगी मागितली. ती त्यांनी दिली. मग बँकेकडून मोबाईलवर आलेला आकडा त्याने विचारला, तेव्हा मात्र त्या थबकल्या व त्यांनी संगणकाची वायरच उपटली. पैसे वाचले. पण पुढे कित्येक दिवस त्या संगणकासमोर बसल्या नाहीत. "बायकांचे पैसे होते रे," एवढेच त्या म्हणत.

पहारेकरी तेव्हा जागाच होता. पण उतरविलेला कार्यक्रम दुरून मदत करण्यासाठी सर्रास वापरला जाणारा होता आणि दार घरच्या माणसानेच उघडले होते. अशा वेळी काय करावे, हे प्रत्येकाने लक्षात ठेवावे :

(१) विषाणूची सूचना देऊन फोन करावयास सांगणारे पान खोटेच समजावे. ते बंद करावे. न झाल्यास संगणक बंद करावा.

(२) परवानगी देऊन झाली असल्यास इंटरनेट तोडावे, तो कार्यक्रम काढावा, दुसऱ्या यंत्रावरून परवलीचे शब्द बदलावेत आणि बँकेस कळवावे.

(३) पैसे गेल्यास वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार करावी. लवकर कळविल्यास रक्कम अडविता येण्याचा संभव अधिक असतो.

(४) महत्त्वाच्या फाईलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढावी व ती डिस्क एरवी संगणकापासून सुटी ठेवावी.

संगणकात शिरलेला विषाणू काढण्याची मोफत साधने केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'कडूनही मिळतात. ते २०१७ साली सुरू झाले.

मामी आता पुन्हा हिशेब लिहू लागल्या आहेत. संगणकाशेजारच्या भिंतीवर त्यांनी १९३० हा आकडा मोठ्या अक्षरांत लिहून चिकटविला आहे. गटाच्या पुढच्या बैठकीत त्यांनी घडलेली सर्व हकीकत, स्वतःची चूक न लपविता, इतर बायकांना सांगितली. आपणही सुटीत घरी जाल तेव्हा एवढे आपल्या माणसांना जरूर सांगावे.