अठराव्या वर्षाच्या आधी

अगं, तुझा विशेष मुलगा चौदाचा झाला ना? मग ‘आमच्यामागे याचं कसं’ हा घोर रात्री उशाला घेण्यापेक्षा दिवसा कामाला लाग.

आधी कागद. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, नसेल तर ते पहिलं काढ. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९चा नॅशनल ट्रस्ट कायदा आहे. अठरा पूर्ण झाली की आई-बापाचं पालकत्व कायद्यानं संपतं. बऱ्याच जणांना हे बँकेच्या खिडकीवर कळतं. मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करायचा. याच ट्रस्टचा ‘निरामय’ विमा वर्षाला १ लाखापर्यंत आहे. दरवर्षी नूतनीकरण लागतं, तेवढं विसरू नकोस.

आता तुमच्यामागे तो राहील ते घर. बदलापूरचं ‘आधार’, डोंबिवलीजवळ खोणीचं ‘घरकुल’, ही पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. बघून ये, प्रवेशाचं मागाहून, आधी नजर तयार होऊ दे. कुठल्याही संस्थेत गेलीस की ऑफिसातला चहा लवकर आटप आणि जेवणाच्या वेळी आत जा. संडास-बाथरूम बघ. मुलांची नखं बघ. अंगातले कपडे ज्याचे त्याचे आहेत की हाताला येईल ते? रात्री किती माणसं जागी असतात, फिट आली तर कुठे नेता, मुलींकडे बायकाच असतात का, हे न लाजता विचार. पालकांनी न कळवता यायचं नाही असा नियम असेल तर सरळ उठ. देणगीदारांच्या फोटोंची भिंत बघून भुलू नकोस, ती कुणाला आंघोळ घालत नाही.

पहिल्यांदा दोन दिवस ठेव, मग आठवडाभर, तू धडधाकट आहेस तोवर. आईच्या तेराव्यानंतर परक्या खोलीत नेऊन सोडलेल्या मुलाची आई आणि घर दोन्ही एकदम सुटतात. सोबत वही दे: औषधं, झोप, कशाला घाबरतो, पोटात दुखलं तर कसं दाखवतो.

इकडे रोज त्याच भाजीवालीकडे कोथिंबिरीला पाठव. वॉचमन, रिक्षावाले, वाणी त्याला नावानं ओळखू देत. आणि धाकटीला ‘तू बघशीलच’ असं गृहीत धरू नकोस. तिला विचार, मृत्युपत्र वकिलाकडून करून घे.

पालकांच्या सभेला ये, नवऱ्यालाही आण. बायका आत बसतात आणि बापे बाहेर गाडीत, हे आता पुरे झालं.